गप्प राहण्याचं प्रशिक्षण

मार्केट नावाच्या गावात फेब्रुवारीतला शनिवार.
नाव मार्केट, पण बाजारपेठ म्हणायला दोन रस्ते,
पुढे लगेच लेक सुपीरियर, काठाकाठाने गोठलेला.
शाळेच्या ग्रंथालयात आम्ही अकरा मास्तर-मास्तरणी,
ओले बूट दाराशी, पायांत नुसते मोजे,
प्रत्येकाच्या पुढ्यात एक फाइल, पोळपाटाएवढी जड :
विज्ञानाची नवी मानकं.
निळ्या रकान्यात मुलांनी काय करायचं,
नारिंगीत काय समजायचं,
हिरव्यात काय, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
"ही माझी चौथी," लाहटी म्हणाला,
निवृत्तीला दोन वर्षं उरलेला.
"आधीच्या तिन्ही गराजच्या दाराला अडसर म्हणून लावतो."

व्हँडरमोलन बाईंनी टेबलावर दोन काळ्या वड्या मांडल्या.
हात लावा.
एक गार. एक तेवढी नाही.
आता सांगा, बर्फ कुठे आधी वितळेल?
अकरांपैकी आठ बोटं गेली कोमट वडीकडे.
त्यात एक माझं होतं,
एम. एस्सी. झालेलं.

गार वडीवरचा खडा दीड मिनिटात पाणी झाला.
दुसरा तसाच, पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.
"का?" कुणीतरी विचारलं.
"तुम्हाला काय वाटतं?" म्हणत बाईंनी कॉफी ओतून घेतली.
उत्तर त्यांनी दिलंच नाही,
जेवणाची सुट्टी झाली तरी.

बार्शीच्या शाळेत मी डोळे मिटून म्हणायचे :
पदार्थाच्या उष्ण भागाकडून थंड भागाकडे
कणांचे प्रत्यक्ष स्थलांतर न होता
होणाऱ्या उष्णतेच्या संक्रमणास वहन म्हणतात.
गुण दोन. दोन्ही नेहमी मिळाले.
आणि इथे एकोणीस वर्षं
तेच वाक्य इंग्रजीत
मी पोरांच्या वह्यांत उतरवत आले,
धड्याच्या पहिल्याच दिवशी, ठळक अक्षरात, चौकटीत.
एकदाही कुणाचा हात कशाला लावू दिला नाही.

दुपारी पान एक्केचाळीस :
प्रश्न विचारल्यावर थांबा.
एवढंच होतं पानावर. बाकी जागा सरावाला.
लाहटीनं मनगटावरचं घड्याळ काढून वेळ लावली.
"सव्वा सेकंद," तो म्हणाला. "मग तूच उत्तर दिलंस."
पुन्हा केलं. दोन सेकंद.
मला वाटायचं, मी मुलांना वेळ देते.

सोमवारी सातवी ब. त्याच दोन वड्या, तोच बर्फ.
पोरं ओरडली, हे खोटं आहे, खाली बॅटरी आहे,
वड्या उलट्या करून बघितल्या, वास घेतला.
"का झालं असेल?" मी विचारलं
आणि दात दातांवर दाबून
मनातल्या मनात मोजायला लागले, मराठीत, कारण
माझे आकडे अजून तिथेच राहतात :
एक. दोन.
तीनला हीटर कुरकुरला.
चारला माझी जीभ टाळ्याला लागलीच होती.
पाच.
सहाला मागच्या बाकावर खुर्ची सरकली.

वेस्ली हेकिनेन. सप्टेंबरपासून
हजेरीपलीकडे एक शब्द न बोललेला.
"आजोबांबरोबर बर्फावर मासे धरायला जातो ना,
तेव्हा लोखंडी बादली पालथी घालून बसलं
तर बूड गारठतं. लाकडी खोक्यावर नाही.
पण दोन्ही रात्रभर बाहेरच असतात."
तो थांबला.
"म्हणजे बादली थंड नाहीये.
बादली माझ्यातलं काहीतरी पटकन घेते."

वर्ग बुडावर हसायला टपलेला होता.
हसला नाही.
शेवटच्या बाकावरची मारिसा म्हणाली,
"मग बर्फाला ती काहीतरी देते."

ओठांवर तो शब्द आला होता, चौकटीसकट.
गिळला.
वहन हा शब्द मी गुरुवारी लिहिला, फळ्याच्या कोपऱ्यात,
वेस्लीच्या बादलीच्या चित्राखाली,
बारीक अक्षरात.

लाहटीला फोन करून सांगितलं.
पलीकडे शांतता. मी मोजत राहिले.
"फाइल कुठे ठेवलीयस?" त्यानं विचारलं.
टेबलावर, म्हटलं. उघडी.
"माझी गाडीत आहे," तो म्हणाला.
"गराजपर्यंत अजून नेली नाही."